सातव्या महिन्यातली बदली

२२ जुलै

कीलुंगला पोचले! स्टेशनातून बाहेर पडून छत्री उघडायच्या आत भिजले, पिशवीत डबा उलटला, सगळ्या कपड्यांना आता सोया सॉसचा वास येतोय, आणि तरी मी खूश आहे. नोकरी लागली, राहायची सोय लागली आणि दोन्ही एकाच इमारतीत. खाली कंपनी, वर माझी खोली. कामावर जायला फक्त जिना उतरायचा. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, मग उशीर झाला की काय सांगणार आहेस, जिन्यावर गर्दी होती म्हणून?

कंपनी एवढीशी. मालकीण लियाओबाई, गेली कित्येक वर्षं त्यांच्या हाताखाली असलेला च्वांगदादा आणि आता मी. धंदा जागा भाड्यानं द्यायचा, पण ही जागा कॉम्प्युटरच्या पोटातली. बंदराभोवतालच्या खानावळी, सलून, माशांची दुकानं, या सगळ्यांच्या वेबसाइटी आमच्या एकाच थोरल्या सर्व्हरवर राहतात. प्रत्येक भाडेकरूला एक खोली. यंत्र सामायिक असल्यामुळे एकानं पसारा घातला की शेजाऱ्यांचीही वेबसाइट रडतखडत चालते. मग फोन येतात, आणि ते आता मी घ्यायचे.

लियाओबाईंनी माझी ओळख करून दिली ती अशी की ही आपल्या यौची बदली. यौ पो-रेन म्हणजे माझ्या आधी इथं असलेला मुलगा. तो कुठं असतो आता, असं मी विचारलं. च्वांगदादा म्हणाला, तो गेला. चांगल्या पगारावर गेला असणार. इथला पगार बघता मला नवल वाटलं नाही.

२६ जुलै

सर्व्हरची खोली मला फार आवडली. गारवा, घूं घूं आवाज, आणि यंत्राच्या डोक्यावर ठेवलेलं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. असं पाकीट ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे आमच्याकडे सगळेच मानतात, पण याची तारीख उलटून गेली होती. सर्व्हर आधीच रुसला कसा नाही याचं आश्चर्य करत मी धावत जाऊन नवं आणून ठेवलं. च्वांगदादा म्हणाला, चला, पोरगी शिकलेली दिसतेय.

आज पहिलं मोठं काम केलं. समोरच्या फानकाकांचं न्याहारीचं दुकान आहे, त्यांची वेबसाइट म्हणजे निव्वळ भंगार. नवी तयार केली, जुनीच्या शेजारी ठेवली, चालवून पाहिली आणि मग दारावरची पाटी जुनीवरून काढून नवीवर लावली. जुनी गेली, तिच्या जागी नवी आली. लोकांना पत्ताही लागत नाही. याला आमच्या ऑफिसात ‘बदली’ म्हणतात, आणि सर्व्हरला हुकूमही त्याच शब्दानं द्यायचा असतो. फानकाका रस्त्यापलीकडून ओरडले की वेबसाइटवर माझं टक्कल जरा कमी करता आलं असतं. वर अंड्याची पोळी आणि सोयाबीनचं गरम दूध फुकट. मला वाटतं या गावात मी जाड होणार.

कर्मचाऱ्याला एक छोटी खोली विनाभाडं मिळते. मी ती बाबांना दिली. आमच्या गावी, पूताईला बसून बाबा तराफ्यावर कालवांची शेती करतात आणि हिवाळ्यात माशांची वाळवलेली गाबोळी विकतात, पण गिऱ्हाईक येतं ते त्याच चार गल्ल्यांमधलं. आता सगळा तैवान त्यांची गाबोळी बघेल. मी वेबसाइट दाखवल्यावर पहिलं वाक्य काय, तर फोटोत तराफा वाकडा दिसतोय. पण रात्रभर नातेवाइकांना फोन करून ती उघडायला लावत होते, हे मला आत्याकडून कळलं.

३१ जुलै

आज माझं मलाच शाबासकी द्यावीशी वाटतेय. सर्व्हरवर कितीतरी जुने भाडेकरू कधीचे सोडून गेलेले आहेत. त्यांना परत आणायचा एक प्रोग्रॅम मी लिहिला. त्यांना आपोआप मेल जाईल, त्यांनी होकार दिला की त्यांची तीच जुनी खोली आपोआप त्यांना मिळेल. हात लावायला नको. मेलची भाषाही मीच सजवली:

‘आपली खोली अजून आपलीच आहे. केव्हाही या, मुदत नाही. आल्याबरोबर बदली करून देऊ.’

मेल येत्या रविवारी सकाळी जातील असं लावून ठेवलंय, लोक निवांत असतात म्हणून. लियाओबाईंना आताच सांगणार नाही. दहा जुने भाडेकरू परत आले की मग सांगेन, त्यांचा चेहरा बघायचाय मला.

२ ऑगस्ट

लियाओबाईंनी आज नियम सांगितला. रविवारी पंचांगातला सातवा महिना लागतो, मेलेल्यांना महिनाभर मोकळं सोडायला देवळाचं दार उघडतं. ते बंद होईपर्यंत सर्व्हरवर काही नवं बसवायचं नाही आणि ‘बदली’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मला हसू आलं, पण गप्प बसले, कारण आमच्या पूताईतही तेच आहे. पाण्यात बुडून गेलेल्याला सुटका नसते. दुसरं कुणी त्याच जागी येईपर्यंत तो तिथंच. सातव्या महिन्यात तो आपली बदली शोधत फिरतो. लहानपणी या महिन्यात बाबा मला गुडघाभर पाण्यातही उतरू देत नसत. स्वतः मात्र रोज तराफ्यावर.

मग काय, महिनाभर आराम. च्वांगदादानं शेंगदाणे आणलेत.

४ ऑगस्ट

देऊळ उघडताना बघायला गर्दीत उभी होते आणि खिशात फोन थरथरला. ‘मेल रवाना झाले.’

मी विसरले होते. अगदी साफ विसरले होते! मी रविवार बघितला, तारीख बघितली, पंचांग बघितलंच नाही. यंत्राला तर पंचांग कळतच नाही.

घाबरत घाबरत च्वांगदादाला सांगितलं. तो शेवया खात होता. मेलमध्ये नक्की काय लिहिलंस, वाच म्हणाला. मी वाचून दाखवलं. त्यानं काड्या खाली ठेवल्या. तीन तीनदा विचारलं, मुदत नाही असंच लिहिलंस? घरात या असंच? आपण त्या मंडळींना जेवायला बोलावतो ते रस्त्यावर, घरात नाही. आणि जायचा दिवस आधी सांगून बोलावतो. हे मलाही माहीत आहे, पण मी मेल माणसांना लिहिला होता.

मग त्यानं विचारलं, त्या जुन्या भाडेकरूंतले किती जण जिवंत आहेत हे बघितलं होतंस का. मी नाही म्हणाले. बंदराचं गाव आहे, एवढंच म्हणून तो भांडी विसळायला गेला.

६ ऑगस्ट

एक भाडेकरू परत आला. सकाळी आनंदच झाला मला. पाणबुड्यांचं सामान विकणारे कुणी ताय म्हणून. माझ्या प्रोग्रॅमनं त्यांना त्यांची जुनी खोली बरोब्बर दिली. उघडून बघितलं तर पान कोरं, मध्ये एकच शब्द: ‘पोचलो.’

च्वांगदादानं पडद्यावर नाव वाचलं आणि खुर्चीतून उठला. तायचं प्रेत बंदराबाहेरच्या पाण्यातून काढलं तेव्हा तो स्वतः धक्क्यावर उभा होता म्हणे. मागच्या निवडणुकीच्याही आधी.

आणि ती खोली रिकामी नव्हती. तायनंतर ती फानकाकांना दिलेली होती. आता फानकाकांची वेबसाइट कुठंच नाही. मी त्यांना जाऊन सांगितलं की थोडी गडबड झालीय, संध्याकाळपर्यंत ठीक करते. ते म्हणाले, सावकाश कर, टक्कल दिसत नाही तेवढंच बरं.

दुपारभर खटपट केली. त्यांची वेबसाइट परत बसवते, पान ताजं करते, आणि पुन्हा ‘पोचलो.’

७ ऑगस्ट

फानकाका गेले.

सोयाबीन भिजत घालायच्या टबात. टब गुडघ्याएवढाही नाही. तोंड पाण्यात, हात दोन्ही बाजूंना लोंबकळत. बायको पलीकडच्या खोलीत पोळ्यांचं पीठ कालवत होती, तिला काही ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं असेल.

त्यांचं दुकान उघडं आहे. शटर कुणी ओढलं नाही अजून. मला सारखं रडू येतंय.

तायचं पान सर्व्हरवरून नाहीसं झालंय. खोली रिकामी. स्वच्छ, कुणी कधी राहिलंच नसावं इतकी.

११ ऑगस्ट

दुसरी आली. होड्या भाड्यानं देणारी एक बाई, नाव आता लिहवत नाही. तिच्या जुन्या खोलीत मागच्या गल्लीतल्या सलूनची वेबसाइट होती. ‘पोचले’ दिसताच मी तशीच चपला न घालता धावत सुटले. सलूनवाली सू-मेई मला बघून हसली, बस म्हणाली, एक गिऱ्हाईक आटोपते. मी तिला पाण्यापासून लांब राहा म्हटलं. तिनं विचारलं, सलूनमध्ये? आणि सगळ्या बायका हसल्या. मी मग काय सांगणार होते? मी तिथंच कोपऱ्यात बसून राहिले. लियाओबाईंचा फोन आला म्हणून रस्त्यावर गेले. एवढ्याशा वेळात.

केस धुवायच्या बेसिनमध्ये.

हे मी केलंय. कुणी काही म्हणत नाही मला, पण हे मी केलंय.

१२ ऑगस्ट

मेल परत घेता येत नाही. प्रोग्रॅम पुसला, तरी तो चालतो. आज दुपारी लियाओबाईंनी स्वतः जाऊन सर्व्हरची वायर उपटली. पंखे थांबले, खोलीत एकदम शांतता झाली. मग च्वांगदादानं फोन उघडून बघितलं. सगळ्या वेबसाइटी चालू. बंद यंत्रावर. वायर परत लावून टाकली.

लियाओबाई शांतपणे बोलल्या, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, बोलावणं ज्यानं केलं त्यानंच पाठवणी करायची असते, दुसऱ्याच्या हातून ती होत नाही. तू मुदत दिली असतीस तर तूच धूप लावून हात जोडले असतेस आणि ते गेले असते. आता ते बदली घेतल्याशिवाय हलणार नाहीत.

मग मी एक गोष्ट विचारली. कशी सुचली कोण जाणे. बाबांना दिलेली ती छोटी खोली, माझ्याआधी कुणाची होती?

मग च्वांगदादा म्हणाला, यौची.

आणि यौ कुठं गेला?

सांगितलं होतं ना, म्हणाला. तो गेला. गळ टाकायला बंधाऱ्यावर बसला होता. लाट आली.

१५ ऑगस्ट

मेल यौलाही गेलाय, पण त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. च्वांगदादा मला धीर द्यायला म्हणाला, तो पहिल्यापासून आळशी, मेलचं उत्तर महिन्यानं द्यायचा. हसायचा प्रयत्न केला दोघांनी.

बाबांची वेबसाइट दुसऱ्या कंपनीकडे हलवली. सकाळी बघते तर पुन्हा आमच्याकडे, त्याच खोलीत. पुसून टाकली. परत आली, वाकड्या तराफ्यासकट. दारावरचं नाव खोडून खोटंच एक नाव घातलं. पान ताजं केलं की बाबांचं नाव. खोटं माणूस त्याला चालत नाही.

बाबांना सगळं सांगितलं. न लपवता. ते म्हणाले, आ-युन, तू तिकडं नीट जेवत नाहीस. मी ओरडले. पाण्यावर जाऊ नका, आंघोळसुद्धा करू नका म्हटलं. म्हणाले, आंघोळ नाही केली तर कालवंच पळून जातील. वादळ येऊन गेलंय, दोर तुटलेत, बघायला नको? चाळीस वर्षं पाण्यावर आहे मी, पाणी मला ओळखतं.

मला माझ्या बाबांना मरू द्यायचं नाही. मला दुसरं काही नको.

१७ ऑगस्ट

ऑफिसच्या दारात रस्त्यावर टेबल मांडलं. फळं, कोंबडी, बिस्किटं, धूप. लियाओबाईंनी सर्वांसमोर मोठ्यानं सांगितलं, जेवा आणि आजच जा. धूप अर्ध्यावर विझला. पुन्हा लावला. पुन्हा विझला. लोक बुडालेल्यांसाठी पाण्यात दिवे सोडायला समुद्राकडे निघालेत, गल्ली रिकामी झाली.

दुपारी चारच्या सुमारास त्याचा मेल आला. यौचा.

‘येतोय. माझी खोली झाडून ठेव.’

मी लिहिलं, ती खोली सोडून कुठलीही घे. मोठी देते. भाडं नको. उत्तर लगेच आलं. आळशी म्हणे —

‘तूच लिहिलंस ना, तीच खोली.’

१८ ऑगस्ट, सकाळ

बाबा फोन उचलत नाहीत. आत्यानं उचलला. तराफ्यावर गेलेत. पहाटेच गेले, मला कळू नये म्हणून फोन घरी ठेवून.

बाबांच्या खोलीतलं पान: ‘निघालो.’

आत्या धक्क्यावर धावलीय. च्वांगदादा किनाऱ्यावरच्या गस्तीवाल्यांना फोन लावतोय. ते म्हणतात पाणी शांत आहे, काळजी करू नका. पाणी शांत आहे —

१८ ऑगस्ट

पान: ‘जवळ आलो.’

सर्व्हरच्या खोलीत जमीन ओली. वरून गळत नाही. मी पुसली. पुन्हा ओली. खारट वास.

बोलावणं ज्यानं केलं त्यानं पाठवणी. खोटं नाव चालत नाही. खरं चालेल. खोली कर्मचाऱ्याची आहे, म्हणजे माझी आहे. बाबांना मी दिली, मी परत घेऊ शकते. हे आधी का सुचलं नाही? सुचलं होतं. भीती वाटत होती म्हणून सुचू दिलं नाही.

च्वांगदादाला सांगितलं नाही. तो हात धरेल.

दार आतून लावलंय.

१८ ऑगस्ट

नाव घातलं. माझं.

पान ताजं केलं. राहिलं! बाबांचं गेलं, माझं राहिलं. खाली यंत्र हुकूम मागतंय, तो बंदी घातलेला एकच शब्द. टाइप केला.

यंत्र विचारतंय, खोलीचा मालक हजर आहे का —

१८ ऑगस्ट

फोन. आत्या. बाबा दिसले. तराफा वळलाय. कुणीतरी तराफ्याखालून धरून ठेवलं होतं आणि एकदम सोडलं असं म्हणतात —

बाबा बोलले! किनाऱ्यावर आहेत, कोरडे आहेत, शिव्या देतायत. एवढं ओरडायला काय झालं म्हणे. जेवलीस का म्हणे. हो म्हटलं. मी खोटं बोलले बाबा. मला भूक लागलीय. मला तुमच्या हातचा —

पाणी घोट्यापर्यंत. पंखे थांबले. वही मांडीवर घेतलीय.

मागून कुणीतरी हाक मारतंय. पूर्ण नावानं. या महिन्यात पूर्ण नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही, आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मागं वळायचं नाही. बोलायचं नाही. हाक थांबते. मग ती दुसऱ्याला मारली जाते.

दुसऱ्याला —

फोन अजून चालू आहे. तिकडं बाबा आत्याला विचारतायत, कोण हाक मारतंय गं मला? ऐकू येतंय का तुला?

नाही बाबा. तुम्हाला नाही. मला आहे ती —

हो. मीच. मी इथं आहे. मी श्याओ युन-